लांबबोटीचं माप

चंदनाने तिसऱ्यांदा माप घेतलं आणि तिसऱ्यांदाही स्क्रीनवर सातच आलं. सात सेंटिमीटर. तिच्या आईच्या नागलीचं, म्हणजे नाचणीच्या वाणाचं, नाव लांबबोटी, कारण तिच्या कणसाची बोटं इतरांहून लांब, आणि आलेखात मात्र लांबबोटीचा खांब शेजाऱ्यांच्या खांद्यालाही पोचत नव्हता.

जव्हारच्या बियाणे केंद्रात चंदना दोन वर्षं हेच काम करत होती. गावोगाव जाऊन कणसांचे फोटो काढायचे, शेजारी एक रुपया ठेवायचा आणि फोटो आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा. त्या सॉफ्टवेअरला डोळे असले तरी अक्कल नाही. त्याला आधी स्केल सांगावी लागते. फोटोतल्या रुपयावर या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढायची, चौकटीत बावीस मिलिमीटर लिहायचं, की कणसाचं माप आपोआप हजर.

गेल्या वर्षी केंद्राचे प्रमुख देवानंद सरांनी स्वतः पट्टी लावून लांबबोटीचं बोट मोजलं होतं, तेव्हा ते आठ भरलं होतं. नियम असा, की अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर बियाण्यात भेसळ झाली असं धरायचं आणि तो वाण केंद्राच्या शेतातून काढून टाकायचा. राखायच्या वाणांची यादी त्याच दुपारी चार वाजता वरच्या कार्यालयात जाणार होती.

अहवालाच्या पानावर मावावेत म्हणून आपण फोटो लहान केले, तिथेच काही बिघडलं असेल, असं चंदनाला वाटलं. तिने फोटो पडदाभर मोठा केला. कणीस मोठं झालं, पण रुपयाही तेवढाच मोठा झाला आणि आकडा जागचा हलला नाही. देवानंद सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. माणूस कडक, पण मनाने सरळ. तुझी आई आहे म्हणून मी आकडा बदलणार नाही आणि तूही बदलायचा नाहीस, एवढंच ते म्हणाले. चंदना बदलणारही नव्हती. पण आईला सांगायला तर हवं होतं. तिने सुट्टी मागितली, पट्टी पर्समध्ये टाकली आणि घरी, साखरशेतला, जाणारी जीप पकडली.

गौराबाई अंगणात भात पाखडत होती. लेक भर दुपारी घरी आलेली पाहून तिने सूप खाली ठेवलं. चंदनाने एका दमात सगळं सांगून टाकलं. गौराबाई ओरडली नाही, तेच चंदनाला जड गेलं. लग्नाच्या वर्षापासून ती ही नागली वरच्या माळावर वेगळी पेरत आली होती, दुसऱ्या वाणाची रोपं बांधापलीकडेसुद्धा येऊ देत नव्हती. गावातल्या बायका बियाणं मागायला तिच्याकडेच यायच्या.

"माझ्या बियान्यात भेसळ?" ती हळूच म्हणाली, आणि आत जाऊन चुलीवर टांगलेल्या जुडीतलं ते फोटोतलं कणीस काढून आणलं. फोटोच्या वेळी चंदनाने खुणेसाठी बांधलेला लाल दोरा अजून त्याच्या देठाला होता.

चंदनाने पट्टी लावली. आठ. उलटी करून लावली, तरी आठ. तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. कणीस खरं असेल तर चूक तिचीच होती, आणि ती कुठे झाली ते सापडल्याशिवाय सर एक आकडा हलवणार नव्हते.

मग तिला फोटोचा दिवस आठवला. मापाचा रुपया ती एरवी डबीत घालून गावोगाव न्यायची. त्या दिवशी घरच्या घरी काम म्हणून डबी नेली नव्हती. आईकडे रुपया मागितला, तो आईने बियाण्याच्या टोपलीतून काढून दिला होता.

"आये, तो रुपया कुठं हाय?"

रुपया टोपलीतच होता. बियाणं एकटं ठेवायचं नाही, सोबतीला रुपया हवा, ही गौराबाईच्या सासूपासूनची रीत, आणि तोही कसला, तर ज्याच्यावर कणसं कोरलेली आहेत असलाच. नव्या रुपयावर कणसं नाहीत, म्हणून तो तिला चालत नसे. फोटोत सिंहाची बाजू वर होती, त्यामुळे तो जुना असल्याचं चंदनाला कळलं नव्हतं. तिने जीपवाल्याने परत दिलेला नवा रुपया त्या जुन्यावर ठेवला. जुन्याचा काठ चहूकडून बाहेर डोकावत होता. पट्टीवर तो पंचवीस मिलिमीटर भरला.

चंदना हसायला लागली. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं ऐकत होतं. मोठा रुपया लहान सांगितला, म्हणून कणीसही त्याने लहान केलं. रुपया सरांना दाखवायला हवा होता.

"रुपया एकटा नाय जायाचा," गौराबाई म्हणाली. "कनीस संगती ने. आनि दोन्ही सांजंच्या आत परत."

साडेतीनला दोन्ही देवानंद सरांच्या टेबलावर होती. सरांनी कणीस मोजलं, रुपया मोजला. मग स्वतः खुर्चीत बसून रुपयावर रेघ ओढली आणि चौकटीतले बावीस खोडून पंचवीस लिहिले. लांबबोटीचा खांब सर्रकन वर चढला आणि आठावर थांबला. यादीत नाव राहिलं. पुढच्या वेळी डबी विसरू नकोस, असं सर बजावत होते, पण त्यांचाही चेहरा सैलावला होता. चंदनाला ते बोलणं गोड लागलं.

दिवे लागायच्या आधी ती घरी पोचली. गौराबाईने आधी कणीस जुडीत खोचलं, रुपया बियाण्यात पुरला आणि टोपलीचं तोंड बांधलं. तेव्हा कुठे तिने लेकीकडे पाहिलं.

"राहिली, आये."

गौराबाई उंबऱ्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावून मोकळेपणी रडली.

"दुपारीच रडनार व्हते," ती म्हणाली. "पन तू बी रडली असतीस, मग मोजलं कोनी असतं?"