पासपोर्टवर नसलेले राव

आखनला येऊन दोन आठवडे झाले तरी मनोरमाबाईंनी जर्मनी पाहिली होती ती फक्त तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून. त्या खिडकीतून समोरची खिडकी दिसायची आणि समोरच्या खिडकीतून एक जर्मन मांजर मनोरमाबाईंना बघायचं. म्हणजे दोघांपैकी परदेश बघायला मिळत होता तो मांजराला.

सांगलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने इतक्या सीमा काढल्या आणि डस्टरने इतक्या पुसल्या की एखाद्या सम्राटालाही हेवा वाटावा. पण खरीखुरी सीमा कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. इथून बसने थोडं गेलं की टेकडीवर एक दगड आहे आणि तिथे जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एकमेकांना भिडतात, असं कळल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. तिथे जायचं, आणि एकटीने जायचं. मुलगा बरोबर असला की तो माहिती सांगतो.

मुलगा शार्दूल विद्यापीठात इंजिनांच्या थरथरीवर पीएचडी करत होता. सहा वर्षांत त्याच्या मराठीतला ‘बघू’ नाहीसा झाला होता आणि त्या जागी जर्मन ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, येऊन बसला होता.

“इथला नंबर चालू झाल्याशिवाय तू एकटी बाहेर जायचं नाहीस.”

“अरे, मी वर्गच्या वर्ग सहलीला नेऊन परत आणलेत.”

“गेनाऊ. आणि त्यांच्याकडेही फोन नव्हते. नशीब समज.”

सिमकार्ड घरात येऊन पडलं होतं, पण ते असंच चालू होत नाही. व्हिडिओवर ओळख पटवायची, पासपोर्ट दाखवायचा, नाव मोठ्याने सांगायचं आणि खोलीत दुसरं कोणी असता कामा नये, असा नियम. शार्दूलने आईचा फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात गेला.

पडद्यावर निळ्या शर्टातला एक तरुण आला. पासपोर्ट जरा तिरका करून हलवा, असं इंग्रजीत म्हणाला. मनोरमाबाईंनी तो निरांजन ओवाळावं तसा गोल फिरवला.

“धन्यवाद. एकदाच पुरे. आता पासपोर्टवरचं पूर्ण नाव सांगा.”

“मनोरमा,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

पुढे नवऱ्याचं नाव होतं. ते लिहायला त्यांची कधीच हरकत नव्हती. बँकेत, मतदानाच्या रांगेत कागद पुढे केला की काम व्हायचं. पण तोंडाने घ्यायचं ते हळदीकुंकवाला, आणि तेही उखाण्यात. एरवी ‘अहो’वर चाळीस वर्षांचा संसार बिनबोभाट चालला होता. आता जीभच वळेना. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

“पासपोर्टवर सिंह तीन, चौथा लपला मागे,
यशवंतरावांचं नाव घेते, सिमला ते लागे!”

तरुणाने पासपोर्टचा फोटो पुन्हा पाहिला. “तुमचं नाव फार मोठं आहे. पासपोर्टवर ते सगळं छापलेलं नाही.”

“आई, नुसतं यशवंत म्हण ना!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“बापाला अरेतुरे करतोस?”

“खोलीत दुसरी व्यक्ती आहे,” असं म्हणून तरुण नाहीसा झाला.

मनोरमाबाई उठल्या. “तू खाली जा. सायकलमध्ये हवा भर.”

“हवा आहे तिच्यात.”

“मग काढ आणि भर.”

दुसऱ्या वेळी आल्या त्या पिकल्या केसांच्या, चष्मेवाल्या फ्राऊ क्रेमर, म्हणजे आपल्याकडच्या क्रेमरबाई. बाईंनी या वेळी जरा माघार घेतली. उखाणा वगळला.

“मनोरमा यशवंतराव कारखानीस.”

“‘राव’ पासपोर्टवर नाही.”

“ते मानाचं असतं.”

“आल्झो, म्हणजे टायटल! डॉक्टरसारखं?” फ्राऊ क्रेमर खुलल्या. “कोणत्या विद्यापीठाने दिलं?”

“मी दिलं.”

फ्राऊ क्रेमरनी चष्मा काढला. “तसा तुम्हाला अधिकार आहे?”

“बायकोलाच असतो.”

“आणि परत काढून घेता येतं?”

“येतं की. पण अजून तशी वेळ आलेली नाही.”

“माझ्यावर आली होती,” फ्राऊ क्रेमर म्हणाल्या. “दोनदा.”

मग फ्राऊ क्रेमरनी चष्मा लावला. “हे बघा, नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. त्याशिवाय मला हिरवं बटण दाबता येत नाही. तुम्ही एका वाक्यापुरतं ते टायटल काढा, मग पुन्हा लावा. मी कुठे नोंद करणार नाही.”

मनोरमाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सांगलीत आत्ता दुपार. यशवंतराव जेवून आडवे झाले असणार, तोंड उघडं, पोटावर वर्तमानपत्र. त्या अवस्थेतल्या माणसाला राव लावला काय नि न लावला काय. इकडे टेकडीवर तीन देश ताटकळत उभे.

“मनोरमा यशवंत कारखानीस,” त्या एका दमात म्हणाल्या आणि लगेच जीभ चावून पुटपुटल्या, “राव.”

“शेवटी काही म्हणालात?”

“नाही.”

“मलाही ऐकू आलं नाही,” फ्राऊ क्रेमर म्हणाल्या आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूलने प्रयोगशाळेतून नव्या नंबरवर फोन लावला. नकाशावर आईचा निळा ठिपका त्याला दिसत होता, पण तो एका जागी ठरेना.

“आई, आहेस कुठे?”

“बेल्जियममध्ये.”

“आत्ता तर नेदरलँड्समध्ये होतीस!”

“ते मघाशी. मग एक आजोबा म्हणाले, दगड फोटोत येत नाही, जरा सरका. सरकले.”

“बरं, आता एका देशात स्थिर उभी राहा. मला काळजी वाटते.”

“राहते. कुठला चालेल तुला?”

“जर्मनी! जर्मनी, आई!”

“आले बघ,” मनोरमाबाई म्हणाल्या आणि एक पाऊल उचललं. “उजवा पाय जर्मनीत आहे. डाव्याची चौकशी करू नकोस.”