मलप्पा मिस्त्रीचा कान

नांदेडात जुन्या गाड्यांचे शौकीन मोजून दहा-बारा, आणि त्या सगळ्यांचा मिस्त्री एकच, मलप्पा. लोक म्हणायचे, डॉक्टरला नळी लागते, मलप्पाला तीही लागत नाही. नुसता कान देतो आणि इंजिनाचं दुखणं सांगतो. मलप्पा हे ऐकून मिशीत हसायचा. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?

खरी गोष्ट नवरा-बायको दोघांनाच ठाऊक होती. पंधरा वर्षांपूर्वीच त्याचे कान गेले होते. समोरच्याचं बोलणं तो अर्धं ऐकून, अर्धं ओठांवरून ओळखायचा, पण इंजिनाची बारीक कुरकुर त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. ट्यूनिंगच्या वेळी त्याची बायको भामाबाई स्टिअरिंगवर बसून रेस द्यायची आणि एक हात खिडकीबाहेर ठेवायची. एक बोट वर केलं की कार्बोरेटरचा स्क्रू आत, दोन केली की बाहेर, मूठ वळली की बस. बघणाऱ्याला वाटे, बाई बिचारी अॅक्सिलरेटर दाबायला बसलीय.

भामाबाईला माती देऊन सतरा दिवस झाले होते. मलप्पा रडला नव्हता. जेवत होता, झोपत होता, सून दीपमालानं चहा दिला की पीत होता. आत कसलीच हालचाल नव्हती. गॅरेज उघडलं, तेही सकाळ झाली म्हणून.

त्यात कॉलेजातले आनंदराज सर चौसष्ट सालची फियाट घेऊन आले. लातूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि वडिलांची गाडी त्यांना तिथं न्यायची होती. गॅरेज उघडं ठेवून नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. मलप्पानं पॉइंट घासले, प्लग साफ केले, दीपमालाला रेस द्यायला बसवलं आणि अंदाजानंच स्क्रू फिरवला. खिडकीकडं दोनदा पाहिलं. हात काही बाहेर आला नाही. झाली, म्हणून त्यानं गाडी देऊन टाकली.

गाडी लातूरच्या वाटेवर, लोहा गावाच्या अलीकडंच बंद पडली. मेळावा हुकला, आणि सर तिला टेम्पोवर घालून परत आले. मलप्पाला वाटलं, आता बोलतील. बोलले तर बरं. पण सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाले, "मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. एवढ्या दुःखात कुणाचाही हात चुकतो."

पळवाट आयती समोर आली होती. नुसती मान हलवली असती तरी चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. मलप्पानं पान्हा खाली ठेवला.

"हात न्हाई चुकला, सर. मला इंजिन ऐकूच येत न्हाई. पंधरा साल झाले. गाड्या सुरात भामा लावायची, म्या निस्ता स्क्रू फिरवायचो."

चहा घेऊन आलेली दीपमाला दारातच थबकली. तिलाही हे नवं होतं.

"मामा," तिनं जवळ येऊन विचारलं, "हे आत्याबाईंच्या देखत कधी कुणाला सांगितलं होतं का?"

मलप्पानं आठवून पाहिलं. गाडी सुरात लागली की गिऱ्हाईक त्याची पाठ थोपटायचं, आणि भामा गाडीतून उतरून त्या माणसासाठी चहा ठेवायला आत जायची. तो एकदाही तिला थांब म्हणाला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला.

भामा आत्ता इथं असायला हवी होती, असं त्याला सतरा दिवसांत पहिल्यांदाच वाटलं. तिनं हे ऐकायला हवं होतं.