मुखरूच्या नावाचा मासा

मुखरू ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात घरजावई म्हणून आला, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून अख्खं गाव त्याला 'जवाई' म्हणे, अगदी शेंबडी पोरंसुद्धा, आणि तो निमूट ओ देई. आईबापांनी आपलं एक चांगलं नाव ठेवलं होतं, हे त्याला एकट्यालाच आठवत असावं.

म्हणून चौपन्न सालच्या श्रावणात नागपूरच्या कॉलेजातले प्रोफेसर गुणवंतराव मासे गोळा करायला गावच्या तळ्यावर आले आणि त्यांनी आल्याआल्या "तुमचं नाव काय?" असं विचारलं, तेव्हा मुखरू त्यांच्यावर फिदाच झाला.

प्रोफेसरांची हयात समुद्राच्या माशांत गेलेली. तिसऱ्या दिवशी, मुखरू वल्हवत असलेल्या डोंग्यातून वाकून त्यांनी बोटाच्या पेराएवढे दोन तांबडेलाल मासे बरणीत धरले आणि ओरडले, "नवी जात! पुस्तकात कुठेच नाही!"

मुखरूनं बरणीत पाहिलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात प्रोफेसर म्हणाले, "आमच्यात माशाला दोन नावं देतात. पहिलं घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं. दुसऱ्या जागी तुमचं नाव घालतो. जगभर याला मुखरूच म्हणतील."

मुखरूनं तोंड मिटलं. ही मरळीची पिल्लं, मोठेपणी काळी पडतात, हे मासे धरणाऱ्या धिवराच्या घरचं कुणीही सांगेल. पण जगभर! विलायतेतला साहेब टोपी काढून 'मुखरू' म्हणतोय, असं त्याला दिसू लागलं. दिवसभर तो उगीच हसत वल्हं मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर म्हणाले, "दोन पुरायचे नाहीत. तो सगळा घोळका जाळ्यात घ्या. औषधात घालून नेऊ."

पाण्यावर तांबडा पुंजका खदखदत होता आणि खाली काळी मरळ राखण करत फिरत होती. पिल्लांवरच्या मरळीवर गावात कुणी जाळं टाकत नसे. मुखरूचा हात जाळ्यावरच अडला. नावासाठी जीव तुटत होता त्याचा.

"सायेब, हे मरळीचे पिल्लं हायेत. माय खाली फिरून राह्यली, पाहा."

"मग काल का नाही बोललात?"

"मले नाव पाह्यजे होतं," मुखरू म्हणाला.

प्रोफेसर आधी लाल झाले, मग खो खो हसले. बरणी त्यांनी स्वतःच पाण्यात रिकामी केली आणि काठ लागताच ते मुक्कामाकडे निघून गेले.

काठावर मुखरूची बायको गिरजा शिदोरी घेऊन उभी होती. "झालं का नाव?"

"नाई," मुखरू म्हणाला आणि सगळं सांगून बसला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

गिरजानं इकडंतिकडं पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नसतं, आणि तिनं ते कधी घेतलंही नव्हतं.

"मुखरू," ती म्हणाली आणि लगेच दोन्ही कान धरले.

"आनखी एकडाव म्हन न," मुखरू म्हणाला.