तारेपासून हातभर

मित्रांनो, जरा मान वर करा. गच्चीच्या कोपऱ्यात, गंजक्या पाइपावर, माशाच्या काट्यासारखं काहीतरी कलंडलेलं दिसतंय ना? तोच मी, टीव्हीचा जुना अँटेना. वर पाहिलंच आहे, तर माझ्या शेजारून गेलेली ती विजेची उघडी तारही बघून ठेवा. तिच्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

एका पत्र्याच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून मला घडवलं आणि एका शिंप्याने मला विकत घेतलं. गल्लीतला पहिला टीव्ही त्याच्याकडे आला, तेव्हा माझा काय रुबाब होता! माझ्यावर कावळा बसलेलासुद्धा त्याला खपत नसे. चित्रात मुंग्या आल्या की तो गच्चीवर येऊन माझं तोंड फिरवी. त्याची मुलगी चिमी खाली खिडकीत उभी राही.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आलं, आलं! हलवू नका!"

टीव्हीचं प्रक्षेपण करणारा मनोरा फार लांब होता. तिथून येणारा सिग्नल अगदीच अशक्त, म्हणून त्याचा जोर वाढवायला शिंप्याने मला बूस्टर जोडला. आम्ही सगळे सुखात होतो.

मग जवळच्याच टेकडीवर नवा मनोरा उभा राहिला. आता सिग्नल धो धो येऊ लागला आणि बूस्टर त्याला आणखी फुगवू लागला. मला अजीर्णच झालं म्हणा ना! पडद्यावर माणसांना दोन-दोन डोकी फुटली, काळे पट्टे लोळू लागले. मला तोंड नाही. चित्र बिघडवणं हीच माझी बोली. मी 'पुरे' म्हणत होतो, पण शिंप्याने नेमका उलटा अर्थ लावला. सिग्नल कमी पडतोय असं समजून त्याने मला दुसऱ्या पाइपावर चढवलं. चित्र सुधारेना, तेव्हा तिसरा पाइप आणला.

"अहो, वर तार आहे," त्याची बायको म्हणाली. "कुणा जाणकाराला तरी बोलवा."

"मी काय आंधळा आहे? एवढ्याशा कामाला माणूस कशाला?"

त्या दिवशी क्रिकेटचा अंतिम सामना होता. सगळी गल्ली त्याच्या खोलीत दाटली होती. वारा सुटलेला, आणि शिंपी पाइपाला कवटाळून मला वर वर रेटत होता. तार घुमत होती. मी भीतीने थरथरत होतो, आणि मी थरथरलो की चित्र आणखी बिघडत होतं.

खाली शिंप्याच्या बायकोला या सामन्याचं काही नव्हतं. तिचं गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं. इस्त्रीला मोकळं सॉकेट नाही, म्हणून तिने बूस्टरचा प्लग उपटला आणि तिथे इस्त्री लावली. त्याबरोबर पडदा लख्ख झाला.

"बाबा, आलं! हलवू नका!" चिमी किंचाळली.

शिंपी जागच्या जागी थांबला. माझं टोक तारेपासून हातभर होतं. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. पाइप तिथेच करकचून बांधला आणि "बघितलंस? उंचीच कमी पडत होती!" असं बायकोला ऐकवायला तो खाली गेला. पुढे त्या प्लगवर इस्त्रीचाच हक्क राहिला, आणि चित्राचं सगळं श्रेय मला मिळालं.

आता टीव्हीला चित्र दुसऱ्याच वाटेने येतं. शिंप्याला जिना चढवत नाही. मला पाइपाला धरून ठेवणारे लोखंडी पट्टे गंजले आहेत आणि प्रत्येक वादळ मला तारेकडे थोडं ढकलतं. हातभराचं वीतभर झालं. आता चार बोटं उरली आहेत.

आणि चिमीने, त्याच चिमीने, परवा माझ्या पाइपाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधली. ती रोज वर येते, ओल्या हातांनी, अनवाणी. पूर्वी चित्र बिघडवून मी निदान काही सांगू तरी शकत होतो. माझी वायर त्यांनी केव्हाच कापून टाकली.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं मी म्हणत नाही. तुम्ही मला हातही लावू नका. वीजवाल्यांना बोलवा, आधी त्या तारेतली वीज बंद करायला सांगा, मग मला उतरवून खुशाल भंगारात घाला. तुमच्याही गच्चीवर एकदा नजर टाका.

पण ते नंतर. सकाळपासून वारा वाढतोय आणि जिन्यात बादलीची कडी वाजते आहे. एकदा तिने ओरडून बापाला थांबवलं होतं. आज तिच्यासाठी तुम्ही ओरडा.