शंखातले ठोके

नाहूरच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गरोदर बायका, त्यांच्या आया, सासवा. समोर मार्तंडमहाराज एका बाईच्या पोटावर, साडीवरूनच, शंख टेकवून बसलेले. क्षणात शंखातून ठोके आले. टकटक, टकटक. सगळा हॉल गहिवरला.

"गर्भ बोलतोय, माउली! मशीन कशाला, डॉक्टर कशाला? शंखाला सगळं कळतं!"

गंधालीच्या कपाळावर मात्र आठी होती. आठवा महिना सरत आलेला, आणि सकाळपासून बाळ हललंच नव्हतं. ती हॉस्पिटलला निघाली होती. तिच्या सासूबाई कुंदाताईंनी रिक्षा मध्येच इकडे वळवली. "पाच मिनिटं गं. मनाला बरं वाटेल."

गंधाली कान देऊन ऐकत होती. पुढच्या बाईचे ठोके तेच. तिच्या पुढचीचेही तेच, मधली बारीक खरखरसुद्धा तीच! तपासणीत डॉक्टर पोटाला जेल लावून यंत्र इकडेतिकडे सरकवत, तेव्हा कुठे ठोके सापडत. इथे साडीवरून, एका झटक्यात?

तिची पाळी आली. शंख टेकला, ठोके वाजले. कुंदाताईंचे डोळे भरून आले. "ऐकलंस? छान आहे बाळ!"

"मग हलत का नाहीये, आई?"

तिने शंख हिसकावला आणि कलशावरच्या नारळावर टेकवला. टकटक, टकटक.

"महाराज, नारळाला कितवा महिना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज झेपावले. ओढाताणीत शंख फुटला आणि लादीवर इवलासा स्पीकर घरंगळला, तसाच ठोके वाजवत. कुठल्या तरी परक्या बाळाचं रेकॉर्डिंग होतं ते, महाराजांच्या उपरण्याखालून डोकावणाऱ्या मोबाइलवरून लावलेलं.

कुंदाताईंनी गंधालीचा हात धरला. "चल गं, आधी हॉस्पिटल!"

तिथे डॉ. स्वरदांनी पोटाभोवती ठोके मोजणाऱ्या यंत्राचे पट्टे बांधले. बाळाचे ठोके सापडले, पण कागदावरची रेघ पुन्हा पुन्हा खाली घसरत होती.

"बाळ थकलंय. आत्ताच सिझेरियन करावं लागेल. उशीर केला असता तर..." डॉक्टर नर्सला हाका मारत ऑपरेशनच्या तयारीला लागल्या.

मुलगी झाली. लहानखुरी, काही दिवस काचेच्या पेटीत राहिलेली, पण दणदणीत रडणारी.

बारशाला जमलेल्या बायकांना कुंदाताईंनी बजावलं, "बाळाची हालचाल कमी वाटली तर अंगारा नको, धीर देणारा महाराज नको. तडक दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तोंडावर विचारा, हे होतं कसं?"