दुसरी किल्ली

ओवैस आखातात, हवल्लीतल्या ऑफिसात बरीच वर्षं होता. औषधांच्या ने-आणीची सगळी सॉफ्टवेअर त्यानंच उभी केली होती. तरी ब्लॉकचेनचं काम निघालं तेव्हा मालक झहूरसाहेबांनी ते क्षितिजाला दिलं. तिला पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून तिचं हसणंसुद्धा ओवैसला खुपायचं.

काम होतं स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे स्वतःच अंमल करणाऱ्या संगणकी कराराचं. इन्सुलिनच्या कंटेनरमधलं तापमान आठ अंशांच्या वर गेलं, की माल आपोआप नामंजूर. कुणाला फोन नाही, कुणाची परवानगी नाही. या कराराची एकसारखी प्रत पुरवठादार, गोदाम, हॉस्पिटल अशा सगळ्यांच्या संगणकांवर असणार. एकदा ब्लॉकचेनवर चढवला, की एकट्यादुकट्याला त्यात फेरफार करता येणार नाही.

कोड तपासायला ओवैसकडे आला आणि त्याला चूक दिसली. बंदरावर तपासणीला दार उघडलं, की पारा क्षणभर चढणारच. करार तेवढ्यावरूनच चांगला माल बाद करणार. ओवैस खूश झाला. क्षितिजाला मात्र काही बोलला नाही.

"आज मूड बरा दिसतोय," घरी बायको इक्रा म्हणाली. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, गिऱ्हाइकासमोर, त्यानं विचारलं, "भर उन्हात बंदरावर दार उघडलं तर काय होईल, क्षितिजा?"

ती म्हणाली, "माल बाद होईल. माझ्या लक्षातच आलं नाही हे." मग तिथंच तिनं उपाय सांगितला: तापमान पाव तास सलग चढलेलं राहिलं तरच नामंजुरी. गिऱ्हाईक दोघांवरही खूश झालं. ओवैसला ते कौतुक कडू लागलं.

करार चढवण्याआधी ती त्याच्या टेबलाशी आली. "यात बदल करायला दोन डिजिटल किल्ल्या लागतील असं ठेवलंय. एक माझी. दुसरी तुमची, ओवैसभाई."

"माझी का?"

"मला पाडायला का होईना, तुम्ही नीट बघता. काल मीटिंगच्या आधीही सांगता आलं असतं."

ओवैसचे कान तापले. त्यानं किल्ली घेतली.

उन्हाळ्यात पहिला कंटेनर सुखरूप पोचला. झहूरसाहेबांनी क्षितिजाचं नाव घेतलं तेव्हा ओवैसला पुन्हा तसंच खुपलं. पण पुढची चूक दिसली तेव्हा तो उठून आधी तिच्याकडे गेला.