कडू लागू दे

अंघोळ करून तेजस्विनी स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिच्या पाच बाटल्या खिडकीत लख्ख धुऊन ठेवलेल्या होत्या. एक रिकामी.

"काकी, वरचे कागद कुठे गेले?"

"तेलकट झाल्ले गो. राखेन घासलंय." सुमंगलाकाकी हसली. "तुझ्या काकाक मुरडा आयलो, म्हणून भिरंडेल भातात घातलंय. यंदा गोळो सोडून बाटलीत हाडलंस?"

तेजस्विनीने बाटल्या झटकन पुढे ओढल्या. कॉलेजात वीज टिकत नव्हती, मोजमापाचं काम अडत होतं, म्हणून नमुने तिने घरी आणले होते. बांगडा, नारळ, अळमी म्हणजे भूछत्रं, काकी ज्याच्या तेलाला भिरंडेल म्हणते ते कोकम आणि काजरा, म्हणजे विषारी कुचला. वेगवेगळ्या सजीवांतली चरबी ती ताडून पाहत होती. काजऱ्याच्या बियांतून क्लोरोफॉर्मने चरबीबरोबर विषही ओढून आणलं होतं. हे तिला पाठ होतं. बाटली फडताळात ठेवताना मात्र आठवलं नव्हतं.

बांगडा वासानेच कळला, नारळही. तळाशी तपकिरी होती ती अळमी. उरली एकच, पांढुरकी, घट्ट. कोकम की काजरा?

"काका काही म्हणाले? कडू वगैरे?"

"भिरंडेल कोण चावता? ऊन भाताचे घास गिळल्यानी, वर लोणचा."

काजऱ्याचं विष कणभर असलं तरी जीभ कडूजार करतं. ही बाटली कडू निघाली, तर काकांच्या पोटात कोकम. तिने काडी बुडवली. देवा, कडू लागू दे.

गुळगुळीत. मेणासारखं. तिने काडी पुन्हा बुडवली, पुन्हा चाटली. कडूपणाचा मागमूस नव्हता.

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "सुमंगला, माझी मान कित्याक धरली गो?"

"काकी, खोलीचं दार-खिडकी लाव. त्यांना हात लावू नकोस, ओरडू नकोस. नुसत्या आवाजानेही झटका येतो."

ती रस्त्यावर धावली. खनिजाचे ट्रक रांगेने चालले होते. डिचोलीच्या दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं. हात पसरून ती मधोमध उभी राहिली. पहिला ट्रक करकचून थांबला. काकांबरोबर खाणीवर काम करणारा बाबली खाली उडी टाकत ओरडला, "मरतलंस गो!"

"बाबलीदादा, काकांना विष चढलंय. गाडी दाराशी घे, पण आवाज..."

मागे अडकलेल्या ट्रकांनी एकदम हॉर्न धरले.

"नको! वाजवू नका!" ती किंचाळली. तिचं कोणालाच ऐकू गेलं नाही. ती घराकडे वळली. बंद दारामागे खाट भिंतीवर आपटू लागली होती.